गायरानातलं शेण

लोणावळा,
सोमवार, ११ मार्च १९७४

श्री. महिपती यांस,

पाकिटावर तुमचं नाव गेली सहा वर्षं लिहिते आहे. आत कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, म्हणजे हे पत्र बायकोचं नाही. तुमच्या योजनेची नोंदवही ठेवणाऱ्या बाईचं आहे, असं समजून वाचा.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वीस एप्रिलला दिल्लीहून समिती औंढ्याला येणार, तुमच्या थोरल्या भावाच्या गोठ्यामागचं गोबर गॅस संयंत्र पाहणार, आणि ते पसंत पडलं तर तसलीच दोनशे संयंत्रं या पट्ट्यात होणार. त्याआधी मी वहीची स्वच्छ प्रत करून पाठवायची. शिवाय एक ठराव हवा, सह्या-अंगठ्यांसकट: गायरानात पडणारं सगळं शेण संयंत्रासाठी राखून ठेवलं आहे आणि त्याला ठाकरवाडीची हरकत नाही. ‘तू एवढं कर, बाकी मी बघतो.’

वही मी पाठवत नाही.

ठाकरवाडीची हिरी तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही गाव सोडलंत तेव्हा ती लहान असेल. आता तिशीची आहे. आठवड्यातून दोनदा डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन लोणावळ्यात दारोदार येते. माझ्या न्हाणीतला बंब तिच्याच गोवऱ्यांवर तापतो. आज आली ती मोकळ्या हातानं.

‘‘गोवऱ्या कुठं आहेत गं?’’

‘‘ग्यासनं खाल्ल्या,’’ म्हणाली आणि पायरीवर बसली.

‘‘नीट सांग.’’

‘‘काल गायरानात शेन भरत हुते. तुमच्या दिराचा गडी आला, रखमाजी. पाटी उलटी केली, वर पाय दिऊन मोडली. म्हनला, हितलं शेन आता ग्यासचं. म्या म्हनलं, बाबा, ग्यासला हात हाईत का वाकून उचलाया?’’

‘‘मग?’’

‘‘मंग हसला. आन मंग ढकाललं.’’

तिचं कोपर सोललेलं होतं. मी हळद लावली, चहा दिला. चहा पिताना ती म्हणाली, ‘‘वाडीत अठरा घरं. गाय एकाकडं न्हाई. गायरानातल्या शेनाव आमची चूल, आन त्याच्याच गवऱ्या इकून मीठ-मिरची. आता काय जाळू, हातपाय?’’

म्हणजे ठरावात जे एका ओळीत आहे, ते हे आहे. तुम्ही औंढ्यात जन्मलात. गायरानातलं शेण वाडीच्या बाया उचलतात हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं मानायचा मी दिवसभर प्रयत्न केला. जमलं नाही.

मुक्ता

&nbsp;

लोणावळा,
सोमवार, १८ मार्च १९७४

श्री. महिपती यांस,

काल औंढ्याला जाऊन आले.

आधी जे चांगलं आहे ते लिहिते. जाऊबाईंचं स्वयंपाकघर पांढरं आहे. दिवाळीत संयंत्र पेटल्यावर त्यांनी भिंतींना चुना दिला, तो अजून तसाच आहे. वीस वर्षं धुरानं गळणारे त्यांचे डोळे थांबले आहेत. इकडे लोणावळ्यात मी रॉकेलसाठी दीड-दीड तास रांगेत उभी असते, आणि तिकडे त्या कळ फिरवून चहा टाकतात. ‘‘तुज्या नवऱ्यानं जन्मात एक काम चांगलं केलं, बाई,’’ म्हणतात. वाईट कोणतं केलं, ते माझ्यासमोर बोलत नाहीत.

हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. तेल दुसऱ्यांच्या देशात निघतं, गुरं आपल्या दारात आहेत, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं आणि अजून पटतं.

पण वहीत काय आहे ते वाचा. जाऊबाईंना लिहिता येत नाही. आच बसेपर्यंत जितक्या भाकऱ्या झाल्या तितक्या रेघा त्या कोळशानं दाराआड ओढतात. दर रविवारी मी त्या वहीत उतरवते आणि तुम्ही त्यांचे घनफूट करता. नोव्हेंबरात रोज तिसाच्या पुढे. थंडीत अठरा-वीस. फेब्रुवारीअखेर चौदा. या आठवड्यात नऊ, सात, सात, आणि गुरुवारी एकही नाही.

थंडी गेली, मग गॅस का गेला? मी कोंडाजी भाऊंना विचारलं. ते खाचरात होते, रोपाच्या जागेवर शेण पसरत होते.

‘‘भाऊ, हे शेण संयंत्रात जायला हवं ना?’’

‘‘आन राब कशानं भाजू? तुज्या वहीनं?’’

आता हे मी तुम्हाला समजावून सांगायचं! फाल्गुन लागला की मावळात शेण राबाला जातं. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पातेरा अंथरून भाजतात. तुमच्या आराखड्यात लिहिलं आहे, बारा जनावरं, रोज सव्वाशे किलो शेण, बारा महिने. बारा महिने! तुम्ही कोंडाजी भाऊंचे सख्खे भाऊ, आणि राब विसरलात. दिल्लीतला कुणी विसरला असता तर मी हसले असते.

मी म्हटलं, ‘‘संयंत्रातून निघणारी मळी शेणापेक्षा चांगलं खत आहे. तुमच्या भावानंच लिहिलंय.’’

‘‘मंग त्याला म्हनावं, ये आन मळी पेटवून दाव. राब नुसता खतासाठी न्हाई भाजत, बाई. भाजल्याबिगर तनाचं बी मरत न्हाई. रोपाच्या आदी तनच वर यील. बापानं सांगितलं व्हतं त्याला. तवा त्यो पुस्तकात तोंड घालून बसला आसंल.’’

‘‘म्हणून घरचं शेण राबाला, आणि संयंत्राला वाडीच्या बायांचं?’’

‘‘वाडीचं? गायरान गावाचं, गुरं आमची, आन शेन तेवडं वाडीचं व्हय? आन मला काय इचारतीस? नवऱ्याला इचार. न्हाईतर सवताला इचार.’’

स्वतःला विचार, असं ते का म्हणाले, मला कळलं नाही. रागात माणूस काहीही बोलतो.

मुक्ता

&nbsp;

लोणावळा,
मंगळवार, २ एप्रिल १९७४

श्री. महिपती यांस,

तुमचं उत्तर आलं. टंकलेखन केलेलं! घरच्या पत्राला कार्यालयातल्या बाबूकडून उत्तर. ‘साठ कोटींच्या देशाला ऊर्जा पुरवायची आहे. एका पाटीसाठी दोनशे संयंत्रं थांबवता येत नाहीत. वाडीचा विचार पुढच्या टप्प्यात करू.’

पुढच्या टप्प्यात. आपल्या लग्नानंतर तुम्ही मला पहिल्यांदा औंढ्याला नेलंत, तेव्हा वाडीच्या वर उभं करून विजेच्या तारा दाखवल्या होत्यात. पाणी आपल्या डोंगरातलं, वीज मुंबईची, आणि तारांखालच्या वाडीत चिमणीसुद्धा रोज लागत नाही, म्हणालात. ‘मी असं काहीतरी करीन की ज्याचं त्याच्या दारात पेटेल.’ मी त्या माणसाशी लग्न केलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला. त्या तारा ओढल्या तेव्हाही वाडीला पुढचा टप्पाच सांगितला असेल. आता तेच वाक्य तुम्ही बाबूकडून लिहून घेता.

तुम्ही गुरं मोजलीत. शेण किती पडतं ते मोजलंत. कोण वाकून उचलतं ते तुमच्या एकाही तक्त्यात नाही. या देशात अमुक कोटी टन शेण ‘उपलब्ध’ आहे म्हणता. उपलब्ध म्हणजे काय? कुणाच्या पाटीतून काढून घेतलं की उपलब्ध?

इथवर लिहून मी पत्र चार दिवस ठेवून दिलं होतं. कारण माझी जुनी रोजनिशी काढली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. भाऊ ‘स्वतःला विचार’ का म्हणाले, ते मला ठाऊक होतं.

नोव्हेंबरात तुम्ही लिहिलं होतंत की योजना मंजूर झाली तर दिल्लीत चांगलं घर मिळेल, आणि मी तिकडे यावं. एवढंच, वेगळे राहिलो त्या सहा वर्षांबद्दल एक शब्द नाही. तरी ते पत्र मी शिकवते त्या शाळेत नेलं, मधल्या सुट्टीत पुन्हा वाचलं. त्रेचाळीस वर्षांची बाई. मग थंडी पडली आणि रेघा कमी होऊ लागल्या. मला त्या रेघा वाढायला हव्या होत्या. जाऊबाईंच्या भाकऱ्यांसाठी नव्हे.

तेवीस डिसेंबरचं पान माझ्यासमोर आहे: ‘गायरानातून फिरले. शेणाचे पो वाळत पडलेले. पुष्कळांवर काड्या खोचलेल्या. पोरांचा खेळ असावा.’ आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला लिहिलं, ‘गायरानात रोज दहा-बारा पाट्या शेण नुसतं वाया जातं, कुणी हात लावत नाही. ते संयंत्राला मिळालं तर थंडीतही गॅस कमी पडणार नाही.’ भाऊंनाही मीच सांगितलं.

परवा हिरीला काड्यांचं विचारलं. तिला हसूच आलं. ‘‘खेळ? ज्यानं काडी खवली त्याचं शेन, बाई. एका टायमाला सगळं उचलत न्हाई ना. एकादी बाळंतीन आसली, आजारी आसली, तर तिच्या नावानं दुसरी खवती. काडी खवलेल्या पोला कुनी हात लावत न्हाई.’’

म्हणून मला वाटलं की कुणी हात लावत नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या बाईला समोर अठरा घरांच्या खुणा दिसल्या आणि तिनं लिहिलं, वाया जातं.

तर चूक माझी आहे. हे वाचून तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल, पण सुटू नका. मी परकी होते, मला काडी कळली नाही. तुम्हाला कळत होती. माझं वाक्य तुम्ही का पुसलं नाहीत?

त्या हिशेबानं तुम्हाला शेण हवं होतं आणि मला तुम्ही. हे मी पुन्हा लिहिणार नाही.

ते वाक्य आराखड्यातून काढा आणि ठराव मागे घ्या. समितीला अजून अठरा दिवस आहेत.

मुक्ता

&nbsp;

औंढे,
रविवार, १४ एप्रिल १९७४

श्री. महिपती यांस,

तुमचं उत्तर नाही. तार मात्र भाऊंना आली: ‘ठराव ताबडतोब पाठवा.’

आज भाऊ आणि रखमाजी ठरावाचा कागद आणि शाईची डबी घेऊन ठाकरवाडीत गेले. मलाही घेऊन गेले, कारण वाडीचा जुना माणूस नवसू अडून बसला होता. ‘‘अंगटा देतो, पन लोनावळ्याच्या बाईनं कागद वाचल्याबिगर न्हाई. ती आमच्या गवऱ्या घेती.’’

वाटेत भाऊ म्हणाले, ‘‘वाच, पन भरभर वाच.’’ घरची सून, त्यांना शंका आली नाही.

सगळी वाडी वडाखाली बसली होती. नवसू म्हणाला, ‘‘वाचा बाई. कागदात हाय तेवडंच वाचा. वरचं नगं, खालचं नगं.’’

मी हळू वाचलं. ‘गायरानातील सर्व शेण संयंत्रासाठी राखीव राहील. ठाकरवाडीच्या रहिवाशांनी ते उचलू नये. यास आमची हरकत नाही.’

मग नवसूनं विचारलं, ‘‘दिव्याचं कुटं आलं?’’

‘‘कसला दिवा?’’

‘‘ग्यासचा दिवा. घरटी एक. कोंडाजी भाऊ म्हनले, अंगटा दिला की वाडीला दिवा.’’

‘‘यात दिव्याचं काही नाही.’’

‘‘परत बगा. पाटीमागं आसंल.’’

मी कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा. कुणीतरी बाई मागून म्हणाली, ‘‘उजेड तर लय पडला की!’’ आणि सगळी वाडी हसली. रखमाजीसुद्धा हसला, मग भाऊंकडे पाहून गप्प झाला.

भाऊ उठले. ‘‘दिवा देनारच हाय! पुढं देनार!’’

‘‘मंग अंगटा बी पुढंच दिऊ, भाऊ,’’ नवसू म्हणाला. ‘‘दिवा आमच्या दारात जळताना दिसला की दोन्ही हातांचं देतो.’’

घराजवळ आल्यावर भाऊ म्हणाले, ‘‘घरच्या माणसानं फितूर व्हावं!’’

हे पत्र मी तुमच्या घराच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. आत कुणी मला पाणी विचारलेलं नाही. तरी फितुरीचा आळ मला पुरता लागत नाही, कारण मी पुरती फितूर झालेच नाही. वडाखाली हिरी माझ्या शेजारी बसली होती. माझा हात धरून म्हणाली, ‘‘बाई, तुमी व्हतात म्हनून कळलं.’’ त्या क्षणी सांगायला हवं होतं की हा कागद माझ्याच एका ओळीतून निघाला आहे. मी सांगितलं नाही. मला तो हात सोडवेना.

समितीला मी स्वतः वही दाखवणार आहे. तुम्हाला अडवायचं असेल तर अजून सहा दिवस आहेत. स्वतः या.

मुक्ता

&nbsp;

लोणावळा,
सोमवार, २२ एप्रिल १९७४

श्री. महिपती यांस,

तुम्ही आला नाहीत. तुमच्या जागी तुमचा छापील अहवाल आला, समितीच्या तिघांच्या हातात एकेक.

शनिवारी काय झालं ते क्रमानं लिहिते, कारण दुसरा कुणी तुम्हाला सारवून सांगेल.

रखमाजीनं आधीचे चार दिवस पहाटे गायरान झाडून संयंत्र भरलं होतं. लोखंडी टाकी गॅसनं वर आली होती. जाऊबाईंनी साहेबांसमोर शेगडी पेटवली, निळी ज्योत फुरफुरली, आणि त्यांनी एकामागून एक भाकऱ्या टाकल्या. साहेब खूश. मुख्य साहेब मराठी, पुण्याकडचे, वयस्कर, गोड बोलणारे. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, ‘‘ताई, धुराचा वाससुद्धा नाही हो!’’ जाऊबाई लाजल्या. इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मग सगळे चावडीपुढे बसले. वाडीची माणसंही आली होती, मागे, उभी. साहेबांनी अहवाल उघडून वाचला आणि मधेच माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘हे तुमचंच ना?’’

तुम्ही माझं वाक्य पुसलं नव्हतंत. तुम्ही ते छापलं होतंत, माझ्या नावानिशी. ‘स्थानिक निरीक्षक सौ. मुक्ता यांच्या प्रत्यक्ष पाहणीनुसार गायरानातील शेण वाया जाते, त्यास कोणी हात लावत नाही.’ दोन एप्रिलचं माझं पत्र मिळाल्यावर! आणि शेजारी ‘सौ.’ घालायला विसरला नाहीत.

मी उभी राहिले.

‘‘वाक्य माझंच आहे,’’ मी म्हटलं, ‘‘आणि ते खोटं आहे.’’

साहेब म्हणाले, ‘‘खोटं म्हणजे, जरा घाईत...’’

‘‘घाईत नाही. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी नीट पाहिलं नाही. ते शेण वाडीतल्या अठरा घरांचं जळण आहे. आणि ही वही बघा. राबाच्या दिवसांत घरचं शेण संयंत्राला मिळत नाही. आजच्या भाकऱ्या वाडीच्या शेणावर झाल्या आहेत.’’

भाऊ ओरडले, ‘‘बस खाली!’’ साहेबांनी हात वर केला. ‘‘बरं, ताई, आपण ते वाक्य गाळू.’’

‘‘गाळून भागणार नाही. गाळलं तर तिथं काहीच राहणार नाही, आणि पुढच्या गावात कुणीतरी पुन्हा तेच लिहील. त्याच्या जागी दुसरं लिहा.’’

‘‘अहवाल छापून झालाय.’’

‘‘समासात जागा आहे.’’

त्यांच्या हातातल्या प्रतीवर मी माझ्या पेननं लिहिलं: ‘हे शेण ठाकरवाडीचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. राबाच्या चार महिन्यांचा हिशेब चुकला आहे.’ खाली सही. साहेबांनी नवसूला विचारलं, ‘‘बाबा, ठरावाला तुमची हरकत आहे?’’

‘‘हाय,’’ नवसू म्हणाला. ‘‘येवडं सादं कुनी आजून इचारलंच न्हवतं.’’

ठराव बारगळला. गायरान वाडीला मोकळं राहिलं. भाऊंनाही ते चारचौघांत कबूल करावं लागलं. दोनशे संयंत्रांचं काय, ते साहेब दिल्लीला जाऊन ठरवणार. तीन प्रतींपैकी समासात शाई एकाच प्रतीवर आहे. मला भ्रम नाही.

मी जिंकले असं समजू नका. माणसं पांगताना हिरी समोर आली. ‘‘त्ये पयलं लिवलेलं तुमचं व्हय?’’

‘‘हो.’’

‘‘त्या दिशी वडाखाली ठावं व्हतं?’’

‘‘हो.’’

आज सकाळी ती भरलेली पाटी घेऊन माझ्या दारावरून गेली आणि पलीकडच्या घरी गोवऱ्या मोजून दिल्या. मी दारात उभी होते. हाक मारायचा मला अधिकार नव्हता.

काल औंढ्याला वही संपवायला गेले. भाऊंनी संयंत्र बंद ठेवलं आहे. टाकी खाली बसली आहे. आषाढात राब-लावणी उरकली की बघू म्हणतात, आणि मला वाटतं रागानं तेव्हाही उघडणार नाहीत. जाऊबाई चुलीपुढे होत्या. ओल्या लाकडावर फुंकणी मारत होत्या, डोळे लाल झाले होते. माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘वाडीला शेन मिळालं, लय चांगलं झालं. त्याच्यात माजं काय चुकलं, तेवडं सांग.’’

त्यांचं काही चुकलं नाही. हिरीचंही नाही. दोघींच्या चुली पेटतील असं गणित मांडणं हे तुमचं काम होतं. त्यासाठी गावानं तुम्हाला शिकायला सोडलं होतं. तुम्ही एकीची चूल दुसरीवर पेटवलीत आणि त्याला योजना म्हणालात. मी काडी लावली.

दिल्लीला मी येत नाही. घर मिळालं तर तुम्ही राहा.

एक पत्र मात्र तुम्हाला लिहावं लागेल, हातानं, आणि मला नाही. जाऊबाईंना लिहा. त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या. राबाचे चार महिने धरून, वाडीचं शेण वाडीला ठेवून, त्यांची शेगडी कशी पेटेल ते भाकऱ्यांत मांडून लिहा, घनफुटांत नको. मांडता येत नसेल तर तसं लिहा. त्यांना वाचता येत नाही. चुलीपुढे बसून मी वाचून दाखवीन, आणि तुमचा एकही शब्द बदलणार नाही.

मुक्ता